आले म्हणजे गेले

शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर, दुसऱ्या मजल्यावर,
संध्याकाळी सहा ते साडेसात माझा वर्ग.
खाली हमाल रवे उतरवतात, धप्प, धप्प,
वर मी विचारते, तुमचं नाव काय,
फ्रेंचमधून.
मुंग्यांनी शब्दकोशात घर केलंय,
'प'च्या आसपास.

शिरोलीच्या फौंड्रीतल्या इर्शाद मुजावरला
घशातला र पहिल्याच दिवशी जमला.
"ह्यो तर आमचा गैन, म्याडम. घरातलाच."
श्रेणिक चौगुलेला दहावीत अठ्ठ्याण्णव हवेत,
दुसरं काही नको.
आणि बायाक्का सातपुते,
सुभाषनगरहून चालत येतात,
पस्तीस वर्षं चपलांच्या वेण्या घालून
बोटांची टोकं कातड्याच्याच रंगाची.
लियोंच्या प्रदर्शनात तीन आठवडे बसून
वेणी घालून दाखवा, असं पत्र आलंय.
"दुभाषी नको," म्हणाल्या,
"भाव मी सांगणार."

ऐंशीला श्रेणिक अडला.
चार वेळा वीस? यांच्याकडे ऐंशीला शब्दच नाही?
बायाक्का हसल्या.
"चार इसा. माझी आई आसंच मोजायची.
नव्वद म्हंजे चार इसा नि धा."
मी पुस्तक मिटलं.
नव्व्याण्णवपर्यंत त्यांनीच नेलं सगळ्यांना,
चार इसा नि एकोणीस,
वाटेत कुणी पडलं नाही.

भांडण झालं ते लिंगावरून.
खुर्ची बाई, पटलं. टेबलही बाई? बरं.
"आन् पायताण? आमच्यात ते."
तिकडे 'ते' नसतं, मी म्हणाले,
तो, नाहीतर ती.
"मग लेकरू कुठं ठेवत्यात?"
मला उत्तर सुचलं नाही.
मी फ्रान्स पाहिलेलं नाही.
पासपोर्ट आहे, कोरा.

मग आला भूतकाळ.
ज स्वी आले, मी फळ्यावर लिहिलं, म्हणजे, मी गेले.
"आले म्हंजे गेले?"
हो.
"आन् बाप्या आसला तर?"
तोही आले.
इर्शाद बाकावर डोकं ठेवून हसत होता.
बायाक्का नाही हसल्या, हिशेब करत होत्या.
"म्हंजे आमच्यासारखंच की.
हितं बाईबी आलो, बाप्याबी आलो.
तिकडं दोघंबी आले."
फक्त लिहिताना, मी म्हणाले,
बाई असेल तर शेवटी एक अक्षर जास्त.
ते उच्चारायचं नाही.
त्यांनी पायातली चप्पल काढली, उलटी केली,
तळ थोडा वाकवून आतली शिवण दाखवली.
"हे आसलं?"
हे असलं.

रात्री उगाच आठवत बसले.
पुण्याचं वसतिगृह, पहिला आठवडा,
मी म्हणाले होते, मी जेवलो,
आणि चौघी मुली ताटावर वाकून हसल्या होत्या.
महिन्याभरात मी जेवले, मी गेले, मी झोपले.
घासून घासून इतकी स्वच्छ झाले
की आईनं फोनवर विचारलं,
कोण बोलतंय?
पुढे फ्रेंच शिकले, पहिल्या वर्गात पास झाले,
त्या मुक्या अक्षरावर एकदाही चुकले नाही.

व्हिसाची तारीख अजून लागलेली नाही.
बायाक्का म्हणतात, लागू दे न्हाईतर ऱ्हाऊ दे,
फी भरलीया.
हजेरीवर सही करतात, देवनागरीत,
आणि नावापुढे हल्ली
एक लहानसं परकं अक्षर काढतात,
कुणी वाचू नये म्हणून बहुतेक.

आज साडेसातला वही पिशवीत घालत म्हणाल्या,
"येतो, म्याडम."
या, मी म्हणाले.
पंखा बंद केला. फळा पुसला.
खाली अडतीचं शटर ओढल्याचा आवाज.
जिन्यात कुणी नव्हतं, तेव्हा
म्हणून पाहिलं,
येतो.
पहिल्या वेळी उच्चार चुकला.